एक तास दहा मिनिटांचा कौल

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मला लाज वाटत नाही. बी. ए., विषय भूगोल, पहिला वर्ग. मालवण आणि आचऱ्याच्या मधल्या आमच्या वाडीत तेव्हा भूगोल हा शिकायचा विषय असतो हेच कुणाला पटत नव्हतं. बाबांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना काका म्हणायचो, देवळाचे मानकरी होते. निकालाचा पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं होतं, "भूगोल शिकान काय करतलंस गो? समुद्र खंय आसा ता आमका म्हायत आसा."

 त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारणं सोडलं आणि 'बीए' म्हणायला लागले.

माझा मोठा भाऊ दहावीला थांबला होता. तो थांबला म्हणून मी बारावीला थांबले नाही. घरात हे कुणी कधी तोंडानं बोललं नाही, पण चौघांनाही ठाऊक होतं. दादा बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या इंजिनाला कान लावून आतलं काय बिघडलंय ते तो सांगायचा. २००३ साली त्याला मस्कतला एका बोटींच्या वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. मुंबईच्या एजंटानं मालवणच्या एसटीडी बूथवर फॅक्स पाठवला. त्यात नोकरीचं पत्र आणि विमानाच्या बुकिंगचा कागद होता. शनिवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं शेवटी हातानं लिहिलेलं होतं.

कागद इंग्रजीत होता, म्हणजे तो माझ्याकडे येणार हे उघडच होतं. रविवारी पडवीत सगळे बसले आणि मी मधोमध बसून वाचला. आईनं आधी मस्कत कुठे येतं ते विचारलं.

"ओमान देशात. आखाताच्या तोंडाशी. पण ते आशियातच आहे."

"म्हंजे आपल्यातच इला मा?" आई म्हणाली. तिला जरा बरं वाटलं.

बाबांना तेवढ्यानं बरं वाटणारं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म होडीवर गेला. अंतर म्हटलं की त्यांना पाण्यावरचं अंतर कळायचं. "लांब किती?" त्यांनी विचारलं.

मी ॲटलास काढला. आशियाच्या पानावर मुंबई ते मस्कत सरळ रेघ कशी मोजायची याचा विचार करत होते, तर बाबांनी जाळं विणायचा तंगूस पुढे केला. तो नायलॉनचा दोरा दोन बोटांत ताणून मी मुंबईवर एक टोक धरलं, मस्कतवर दुसरं, मग तो नकाशाच्या मोजपट्टीवर ठेवला. साधारण पंधराशे साठ किलोमीटर आले. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही म्हणून मी त्याचे होडीचे दिवस करून दिले. "तुमची होडी न थांबता चालवली तर साडेपाच दिवस."

"आणि विमानान?"

मी कागद बघितला. मुंबईहून सुटणार सव्वानऊला. मस्कतला पोचणार दहा पंचवीसला. पहिल्या वर्गातल्या भूगोलवालीला ही वजाबाकी म्हणजे काहीच नव्हतं.

"एक तास दहा मिनिटं," मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे आणि मग तंगुसाकडे बघत राहिले. "साडेपाच दिवस तासाभरात?"

"जेट आहे, बाबा."

मी हे ज्या सुरात म्हटलं तो सूर मला आजही आठवतो. आठवला की मान खाली जाते. मी तोपर्यंत एकाही विमानाच्या शंभर फुटांच्या आत गेलेली नव्हते.

बाबांनी तंगूस गुंडाळून ठेवला. "देवाक इचारूया," ते म्हणाले. "होडी पाण्यात घालूक कौल लावतव. पोरग्याक आभाळात घालूचो तो न इचारता घालू?"

कौल म्हणजे काय ते आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असतं, बाहेरच्यांसाठी सांगते. ग्रामदेवतेच्या पाषाणावर गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. नकार आला की विषय संपला. लग्नं मोडतात, विहिरींच्या जागा बदलतात. आणि एकच प्रश्न देवाला दोनदा विचारता येत नाही. काका म्हणायचे, हे काय तहसीलदाराचं ऑफिस नाही, पुन्हा अर्ज करायला.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. गुरव आमच्या बाबांच्या वयाचा, अतिशय काटेकोर माणूस. प्रश्न त्याला नेमका लागायचा. त्यानं दादाला समोर उभं केलं आणि चौकशी सुरू केली. जाणार कोण, कुठल्या दिशेला, किती लांब. तोपर्यंत ठीक होतं. मग तो अडला.

"पाण्याचा गाऱ्हाणा माका येता," तो बाबांना म्हणाला. "पाण्यात गेलेल्याक देव सांभाळता, ती वहिवाट आसा. जमिनीवर तर काय प्रश्नच नाय. पण हेचो पाय जमिनीकय लागचो नाय आणि पाण्याकय लागचो नाय. असो किती येळ?"

काकांनी माझ्याकडे हात केला. "बीएक इचार. आमच्या घरात आता भूगोल आसा."

"एक तास दहा मिनिटं," मी म्हटलं. देवळात सात-आठ मानकरी होते, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. बायकांना त्या मंडपात कुणी काही विचारत नाही.

गुरवानं पाकळ्या लावल्या आणि खड्या आवाजात सुरू केलं. "बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी साथ दिली.

"ह्यो तुझो लेकरू पोटापाण्यासाठी मस्कताक जाता, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पंधराशे साठ किलोमीटर वाट. येक तास धा मिनटां तेचो पाय भुंयेक लागचो नाय. तेवढो येक तास धा मिनटां तू तेका वयल्यावर सांभाळून घी, आणि सांभाळतलस तर तसो उजवो दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," म्हणून पुरतं झालंही नव्हतं, तोच डावी पाकळी पडली. घरंगळली नाही, रेंगाळली नाही. कुणी चिमटीनं काढून टाकावी तशी पडली.

बाबांनी हात जोडले. दादानंही जोडले. परत येताना तो आमच्याबरोबर घरी आला नाही, किनाऱ्यावर गेला आणि एका बोटीचं इंजिन खोलून बसला. त्या इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.

दोन दिवस घरात कुणी मस्कतचं नाव काढलं नाही. दादा जेवायचा, उठायचा, जायचा. आईनं एकदा मोरी मासा तळला, त्याचा आवडता, तर त्यानं एक तुकडा खाल्ला आणि बरा आहे म्हणाला. एजंटाला नाही म्हणून कळवायला शुक्रवारी मालवणला जाईन, असं तो बुधवारी सकाळी इंजिनाच्या तेलाविषयी बोलावं तसं बोलला.

मी त्यावेळी हायस्कूलमध्ये तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होते. त्या बुधवारी नववीचा वर्ग होता, आणि धडा होता स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ. मी फळ्यावर उभ्या रेघा काढल्या. पृथ्वीला एक रेखांश फिरायला चार मिनिटं लागतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पूर्वेकडे गेलं की घड्याळ पुढे, पश्चिमेकडे गेलं की मागे. "उदाहरणार्थ," मी म्हटलं, "साठ रेखांशाची वेळ मानणारा ओमान..."

आणि माझा खडू फळ्यावर तसाच टेकून राहिला.

साडेब्याऐंशीतून साठ गेले, साडेबावीस. साडेबावीस गुणिले चार, नव्वद. नव्वद मिनिटं. मस्कतच्या विमानतळावर दहा पंचवीस वाजले असतील तेव्हा आमच्या पडवीतल्या घड्याळात अकरा पंचावन्न वाजलेले असणार. विमान एक तास दहा मिनिटांत जात नव्हतं. दोन तास चाळीस मिनिटांत जात होतं.

"पुढे सांगा ना बाई," पहिल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

मी पुढे सांगितलं नाही. त्याऐवजी मनातल्या मनात दुसरा भागाकार केला, जो मी रविवारीच करायला हवा होता. पंधराशे साठ किलोमीटर सत्तर मिनिटांत, म्हणजे तासाला तेराशेच्या वर. आवाजापेक्षा जास्त वेग. मी माझ्या भावाला बंदुकीच्या गोळीत बसवून मस्कतला पाठवत होते आणि वर बाबांना सांगत होते, जेट आहे.

तास संपल्यावर घरी जाऊन फॅक्स काढला. खाली, जिथे शाई पुसट झाली होती, तिथे एक ओळ होती. दाखवलेल्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक वेळा आहेत. ती ओळ इंग्रजीत होती. घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच.

आधी मी दादाला शोधलं. तो किनाऱ्यावर होता. मी त्याला सगळं सांगितलं, रेखांशांसकट. तो हात पुसत ऐकत राहिला.

"म्हंजे देवाक आमी चुकीचा इचारला?" तो म्हणाला.

"हो."

"म्हंजे परत इचारूक मिळात?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी नुसती चूक सांगायला आले होते. एक प्रश्न दोनदा विचारता येत नाही, पण हा तोच प्रश्न नव्हता. हा दीड तासानं वेगळा प्रश्न होता. दादाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं की त्यानं सोमवारपासून मस्कत मनातून काढलेलं नाही, नुसतं बाजूला ठेवलंय.

घरी आईला सांगितलं तर तिनं लगेच वाट काढली. "कागद पुसट व्होतो म्हणान सांग. तसो तो व्होतोच." मासळी विकताना आई गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगत नसे, पण खरं कुठून दाखवायचं हे तिला उत्तम समजायचं.

दादा म्हणाला, "नको. मी सांगतंय, माझी चूक. मीच वाचलंय आणि हिका चुकीचा सांगलंय. माका कोण हसात? धाव्वी शिकलेलो मी."

तो हे अगदी सरळपणे बोलला, पाण्याची कळशी उचलून देतो तसं. आणि मला राग आला. त्याचा नाही, पण आला. "साडेब्याऐंशी रेखांशाची चूक तुझ्या नावावर?" मी म्हटलं. "ही चूक करायला तुला भूगोल कुठे होता? चूक माझी आहे. मी सांगणार."

"बरा," दादा म्हणाला. "माका काय, कोणाचीय चालात. शनिवारच्या आत सांग."

बाबा पाण्यावरून आल्यावर त्यांच्यापुढे मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांना रेखांश समजावले नाहीत. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, त्यांच्याकडे नंतर, एवढंच म्हटलं. ते त्यांना पटलं. पुढचं ते स्वतःच बोलले.

"म्हंजे देवान तेका येक तास धा मिनटां सांभाळल्यान असता, आणि मगे?"

"मग अजून दीड तास होता."

"अर्ध्या दर्यावर हात सोडल्यान असतो." बाबांनी कपाळाला हात लावला. "बरा झाला डावो दिल्यान. देवाक हिशेब येता गो. तुका..." आणि ते थांबले. ते थांबले नसते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

गुरुवारी सकाळी पुन्हा देऊळ. बातमी आधीच फिरलेली होती, त्यामुळे सोमवारच्या आठांचे वीस झाले होते. आमच्याकडे लग्नाला लोक उशिरा येतात, पण अशा गोष्टींना वेळेवर येतात. गुरवानं आधीच सांगून टाकलं, "तोच प्रश्न परत लावूचंय नाय. चूक खंयची ती आधी सांगा."

मी पुढे झाले. "विमानाचा वेळ मी चुकीचा सांगितला होता," मी म्हटलं. "एक तास दहा मिनिटं नाही. दोन तास चाळीस मिनिटं."

काका खांबाला टेकून बसले होते. "म्हंजे बीए चुकला?"

"चुकलं."

"कितीन?"

"दीड तासानं."

"आणि कित्या चुकला?"

"मस्कतचं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे. ते मी धरलं नाही."

"आणि ह्या शिकवतत खंय?"

"नववीला."

"आणि शिकवता कोण?"

"मी."

वीस माणसं हसली. गुरवसुद्धा पाठमोरा झाला, त्याचे खांदे हलत होते. मी उभी राहिले. दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, खिशात हात घालून. हसू ओसरायला बराच वेळ लागला. शेवटी काकाच म्हणाले, "बरा, बस झाला. पोरग्या, तुझी भैण सगळ्यांसमोर बोलली. आमच्यातलो येक तरी बोललो असतो काय? लाव रे कौल."

गुरवानं पाकळ्या भिजवल्या, पण लावायच्या आधी पुन्हा अडला. "आकडो पक्को मा? आणि विमान वर गोल गोल फिरत रवला तर?"

"चार तास माग," बाबा म्हणाले. "मागूचा तर भरपूर मागूया."

"चार कशाक, पाच माग," मागून कुणीतरी म्हणालं. "देवाच्या घरात काय कमी आसा?"

थोडा वेळ देवळात लिलावच झाला. कुणी साडेतीनवर आलं, कुणी सहावर गेलं. मी म्हटलं, "दोन तास चाळीस. उतरायला वर थांबावं लागलं तर वीस मिनिटं धरा. तीन तास. त्यापेक्षा एक मिनिट जास्त नाही." एकदा चुकले म्हणून बरोबर आकड्याचीही घासाघीस करू द्यायची मला इच्छा नव्हती.

गुरवानं माझ्याकडे रोखून बघितलं. "मगे तूच सांग देवाक. तुझो आकडो माझ्या तोंडात बसणा नाय. मागच्या येळेक मी सांगलंय आणि डावो पडलो."

काकांनी मान हलवली. कुणी हरकत घेतली नाही. गुरवानं पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं, दादाचं नाव-गाव सांगितलं, आणि मध्येच थांबून मला खूण केली.

मी पुढे झाले. कचेरीत बोलतात तसली मराठी माझ्या तोंडून आली. "मुंबई ते मस्कत, पंधराशे साठ किलोमीटर. विमानाचा प्रवास दोन तास चाळीस मिनिटं. विलंबासाठी वीस मिनिटं. एकूण तीन तास, महाराजा."

"व्हय म्हाराजा," वीस गळ्यांतून आलं. वीस माणसं माझ्या भूगोलाला होय म्हणाली, आणि त्यातले निम्मे एवढ्यात माझ्यावर हसून झालेले होते.

पाकळ्या हलल्या नाहीत. पाणी ओघळत होतं, दोन्ही जागच्या जागी. काकांना खोकला आला तो त्यांनी गिळला. दादाच्या खिशातले हात बाहेर आले होते. बाबांनी डोळे मिटले होते. मी मात्र उघडे ठेवले होते. बघायचं होतं मला. उजवी पाकळी हळूच सुटली, पाषाणावर अर्धी अडकली, आणि मग पडली.

शुक्रवारी दादानं मालवणहून एजंटाला हो म्हणून कळवलं. पंधरा दिवसांनी तो कुडाळला गाडीत बसला. आईनं त्याच्याबरोबर सुक्या बांगड्याचं पुडकं दिलं. मस्कतला समुद्र आहे, तिथे मासे मिळतात, असं मी सांगून बघितलं. आई म्हणाली, आसतीत, पण ते आपले नाय.

विमानाच्या दिवशी बाबा पाण्यावर गेले नाहीत. सकाळपासून पडवीत, घड्याळासमोर बसले. सव्वानऊ वाजले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सुटलं." दहा पंचवीस झाले तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या पयल्या हिशेबान आता तो पोचलो असतो." आई भात उकडत ठेवून दारात येऊन उभी राहिली. अकरा झाले, साडेअकरा झाले. त्या दोन तास चाळीस मिनिटांत मला कळलं की आकडा बरोबर असला तरी तो संपायला तेवढाच वेळ लागतो.

अकरा पंचावन्नला मी म्हटलं, "पोचला."

"कोणाच्या घड्याळान?" बाबांनी विचारलं.

"दोघांच्याही."

बाबा उठले, भिंतीला टेकवलेली वल्ही खांद्यावर घेतली आणि किनाऱ्याकडे निघाले. आईनं पेज वाढली. दादाचा फोन शेजारच्या दुकानात संध्याकाळी आला. त्याची वाट बघत तोपर्यंत घरात कुणी बसलेलं नव्हतं.